माल खराब की माल चुकीचा? मेश वाय-फाय आणि पॉवरलाइनचे पैसे परत मागताना

प्रश्न : पुसद तालुक्यातल्या एका गावात आमचा जुना वाडा आहे. समोरच्या खोलीत मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, मदतीला एक मुलगा आहे. दिवाळीत अमरावतीच्या एका दुकानातून तीन डब्यांचा मेश वाय-फाय संच (एकमेकांशी जोडून घरभर नेट पसरवणारे डबे) १०,५०० रुपयांना आणि पॉवरलाइन अडॅप्टरची (विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारी) जोडी ५,२०० रुपयांना घेतली. वाड्याचा हाताने काढलेला नकाशा आधीच व्हॉट्सॲपवर पाठवला होता. ‘मागच्या खोल्या आन् कोठा, दोन्हीकडे फुल रेंज, माझी गॅरंटी’ असं दुकानदाराचं उत्तर आहे. कोठा म्हणजे गोठा, घरामागे दीडशे फुटांवर वावराला लागून आहे, तिथे लाइट पंपाच्या जोडणीवरून घेतला आहे. मागच्या खोलीत मेश दिवसातून दहादा तुटतो, कोठ्यातला कॅमेरा एकदाही चालला नाही. बाराव्या दिवशीच तक्रार केली. दुकानदार बिलावरचं ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ दाखवतो, कंपनी म्हणते तुमची वायरिंग खराब, इंटरनेटवाला म्हणतो आमचे १०० एमबीपीएस पूर्ण येतात. मेशचं पक्कं बिल आहे, पॉवरलाइनची नुसती चिठ्ठी. पैसे परत मिळतील का?

उत्तर : पॉवरलाइनचे मिळण्यासारखे आहेत. मेशचं मात्र अर्धं-अर्धं आहे, आणि ते कोणत्या बाजूला झुकेल हे तुम्ही येत्या आठवड्यात काय तपासता यावर ठरेल.

‘माल खराब निघाला’ आणि ‘माझ्या कामाचा नसलेला माल गळ्यात मारला’ हे कायद्याने दोन वेगळे दावे आहेत. पहिल्यात दोष सिद्ध करावा लागतो, दुसऱ्यात दुकानदाराचा शब्द. तुमच्या तक्रारीत दोन्ही एकत्र कालवलेले आहेत, म्हणूनच प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो आहे. नोटीस लिहिण्याआधी ते वेगळे करा.

पॉवरलाइनपासून सुरू करू. दोन्ही अडॅप्टर घरातल्याच एका खोलीत, शक्यतो एकाच बोर्डावरच्या दोन सॉकेटमध्ये थेट लावा. मध्ये स्पाइक गार्ड, स्टॅबिलायझर किंवा यूपीएस नको. त्यांच्यातले फिल्टर हा सिग्नलच गिळतात. इथेही जोडी जुळली नाही, तर माल सदोष. जुळली आणि लॅपटॉपला नेट मिळालं, तर माल ठीक आहे. मग कोठ्यात तो का चालत नाही, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. हे यंत्र ५० हर्ट्झच्या विजेवर मेगाहर्ट्झमधला सिग्नल चढवतं आणि तो त्याच मीटरच्या, शक्यतो त्याच फेजच्या वायरिंगमध्ये फिरतो. घर गावठाण फीडरवर, पंप कृषी फीडरवर. मीटर वेगळे, बहुधा डीपीही (ट्रान्सफॉर्मर) वेगळी. डीपीच्या पलीकडे हा सिग्नल जवळपास जातच नाही. शिवाय कृषी फीडरला दिवसातले काही तासच पुरवठा असतो, मग कॅमेरा उरलेला वेळ कशावर चालणार होता? नकाशा पाहून हे सांगणं दुकानदाराचं काम होतं. ‘वायरिंग खराब’ हे कंपनीचं उत्तर इथे गैरलागू आहे, कारण वायरिंग नवीकोरी असती तरी दोन मीटर एक झाले नसते.

इथे तुमचा आधार वस्तू विक्री अधिनियम, १९३० चं कलम १६(१). खरेदीदाराने आपलं विशिष्ट काम विक्रेत्याला सांगितलं, त्याच्या माहितीवर विसंबून माल घेतला आणि तशा मालाचा विक्रेत्याचा धंदाच आहे, तर तो माल त्या कामाला योग्य असण्याची गर्भित अट विक्रीतच असते. पण त्याला एक परंतुक आहे, आणि समोरचा वकील तेच वाचून दाखवेल : ठरावीक वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागून घेतली असेल, तर ही अट लागत नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर मागे जाऊन बघा. मॉडेलचं नाव आधी कोणी काढलं? तुम्ही नकाशा पाठवला आणि ‘हे घ्या’ असं तो म्हणाला असेल, तर तुमची बाजू पक्की. ‘अमुक कंपनीचं तमुक मॉडेल आहे का?’ असं तुम्हीच विचारलं असेल, तर कलम १६ वर फार भर देऊ नका. तेव्हा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मधल्या अनुचित व्यापार प्रथेवर, म्हणजे मालाच्या उपयोगाबद्दल चुकीची माहिती दिली यावर, या. ‘माझी गॅरंटी’ हे त्याचे शब्द तिथे कामी येतील.

आता मेश. एक उपडबा मुख्य डब्यापासून दहा फुटांवर, मध्ये भिंत नसेल असा ठेवा आणि दोन दिवस चालू द्या. तिथेही तुटत असेल तर सरळ दोष आहे, वॉरंटीत बदलून मागा. तिथे नीट चालून मागच्या खोलीत तुटत असेल, तर कारण बहुधा जुन्या वाड्याची दीड-दोन फुटांची मातीची भिंत आणि वरचे टिन. ५ गिगाहर्ट्झची लहर अशा भिंतीत दम तोडते आणि टिनावरून परतते. डबा ड्युअल-बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ एवढ्याच दोन बँडचा) असेल तर एकच रेडिओ मोबाइलशीही बोलतो आणि मागच्या डब्याशीही, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर वेग साधारण निम्मा होतो. डब्यावरचा ‘१२००’ हा दोन्ही बँडच्या सैद्धांतिक वेगांची बेरीज असते. त्यावरून ‘फसवी जाहिरात’ म्हणण्याचा मोह होईल, पण तो मुद्दा कमजोर आहे. बारीक अक्षरातला खुलासा बहुतेक खोक्यांवर सापडतोच. इथेही जोर दुकानदाराच्या ‘फुल रेंज’वरच द्या.

मेशबाबत आणखी एक अडचण आहे. वस्तू विक्री अधिनियमाच्या कलम ४२ प्रमाणे, नाकारतो असं न कळवता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. मग कलम १३(२) मुळे विक्री रद्द करता येत नाही, फक्त भरपाई मागता येते. बाराव्या दिवशी तुम्ही ‘चालत नाही, बघा’ लिहिलं होतं की ‘परत घ्या’? दोन्हींत फरक आहे. समोरच्या खोलीत मेश अजूनही वापरात असेल तर पूर्ण रकमेचा हट्ट टिकणार नाही. उपडब्यांच्या किमतीइतकी भरपाई मागा. पॉवरलाइन मात्र आजच काढून खोक्यात ठेवा आणि ‘हा माल मी नाकारतो, घेऊन जा’ असं लेखी कळवा. नाकारलेला माल अमरावतीला पोहोचवण्याची जबाबदारी तुमची नाही, कलम ४३ तसं स्पष्ट म्हणतं.

बिलावरच्या त्या छापील ओळीला घाबरू नका. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं हीच कलम २(४७) खाली अनुचित प्रथा आहे. पक्कं बिल न देणं हीदेखील. चिठ्ठी, यूपीआयची नोंद आणि खोक्यावरचा अनुक्रमांक मिळून खरेदी सिद्ध होते. खोकं फेकू नका. उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता त्यावर छापणं बंधनकारक आहे आणि नोटीस त्याच पत्त्यावर जाईल.

इंटरनेटवाल्याला पक्षकार करण्याआधी लॅपटॉप लॅन केबलने थेट त्याच्या डब्याला जोडून वेग मोजा. १०० च्या पोर्टवर ९४-९५ दिसणं हे पूर्णच आहे, त्या पाचसहासाठी भांडू नका. केबलवरही सतत कमी येत असेल तरच त्याच्याकडे तक्रार करून तिचा डॉकेट क्रमांक (नोंद क्रमांक) घ्या, मग त्याच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. तसं झालं तर त्याच्याविरुद्धही ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली व्होडाफोन आयडिया प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तुमच्या पत्रावरून तशी गरज दिसत नाही.

पुरावा असा जमवा. सात दिवस, सकाळ, दुपार आणि रात्री आठनंतर, तीन ठिकाणी वेग मोजून वहीत तारीख-वेळ टाका : केबलवर, मुख्य डब्याजवळ, मागच्या खोलीत. मागच्या खोलीतून राउटरच्या पत्त्यावर दर वेळी २०० पिंग (उत्तर येतं का हे पाहणारे छोटे संदेश) पाठवून किती हरवले ते लिहा. बाहेरच्या पत्त्यावर पिंग करून उपयोग नाही, दोष घरातला की बाहेरचा हे त्यातून कळत नाही. वीज केव्हा गेली हेही टिपा. ‘झटका बसून डबे रिस्टार्ट होतात’ असा बचाव येईल, आणि तो अंशतः खरा असू शकतो. व्होल्टेज कमी पडतं हा बचाव मात्र अडॅप्टरवरचं ‘१००–२४० व्होल्ट’ दाखवून खोडता येईल. फॅक्टरी रिसेट करण्याआधी ॲपमधल्या नोंदींचे फोटो काढा, नंतर त्या पुसल्या जातात. डबा खोलू नका. व्हॉट्सॲप संभाषण मूळ फोनमध्येच राहू द्या आणि प्रिंटसोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडा. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आयोगापुढे साक्षीचे नियम दिवाणी कोर्टाइतके काटेकोर नसतात, पण आयती हरकत कशाला द्यायची?

नोटीस वकिलाचीच हवी असं नाही. एका पानात लिहा : ‘दि. — रोजी मी आपणास घराचा नकाशा पाठवून कोठ्यापर्यंत जोडणीची गरज कळवली. आपण दि. — रोजी लेखी हमी देऊन स्वतः माल निवडला. कोठ्याची वीजजोडणी स्वतंत्र असल्याने सदर माल त्या कामास मुळातच अयोग्य आहे. मी तो नाकारत आहे. १५ दिवसांत ५,२०० रुपये परत करावेत.’ मेशचा परिच्छेद वेगळा. स्पीड पोस्टाने पोहोचपावतीसह पाठवा, प्रत कंपनीला. त्याच वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिचा निर्णय कोणावर बंधनकारक नसतो, पण कंपन्या तिथे बऱ्याचदा बोलत्या होतात.

नाहीच जमलं तर यवतमाळच्या जिल्हा आयोगात तक्रार करा, अमरावतीला जाण्याची गरज नाही. तक्रारदार राहतो तिथे दाद मागण्याची सोय ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ ने दिली आहे. ५ लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नाही, ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येतं, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. कायदा ३ महिन्यांत निकाल म्हणतो, तुम्ही वर्ष धरून चला. माल ‘सदोष’ म्हटलात आणि तपासणीशिवाय ते ठरत नसेल, तर कलम ३८ खाली नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तिचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागतं. ५,२०० च्या वस्तूपायी ते परवडत नाही. म्हणूनही पॉवरलाइनसाठी ‘दोष’ हा शब्द टाळा, ‘अयोग्य माल आणि खोटी हमी’ म्हणा.

सेवा केंद्र असल्याने ‘तुम्ही ग्राहक नाही, व्यापारी आहात’ हा आक्षेप नक्की येईल. पहिल्याच परिच्छेदात लिहा की केंद्र तुम्ही स्वतः चालवता आणि त्यावरच उपजीविका आहे. स्वयंरोजगारासाठी घेतलेला माल कलम २(७) च्या स्पष्टीकरणाने व्यापारी हेतूत मोडत नाही. मदतीला एखाददुसरा माणूस असल्याने फरक पडत नाही, हे लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात आलं आहे. पण मग ‘केंद्राचा लाखाचा धंदा बुडाला’ असली मागणी जोडू नका, तीच तुमच्यावर उलटेल. मालाची किंमत, व्याज, त्रासाबद्दल माफक रक्कम आणि तक्रारीचा खर्च एवढंच मागा.

कोठ्यातला लाइट तक्रारीत कसा लिहायचा तेही पाहा. पंपाची जोडणी पंपासाठी मंजूर असते. मंजूर कारणाखेरीज वापर वीज अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली येतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. तक्रारीत ‘पंपाच्या लाइनवर कॅमेरा लावला’ असं शपथेवर लिहिण्याआधी वीज कंपनीकडे अर्ज करून कोठ्याची जोडणी नियमित करा. कॅमेऱ्यासाठी घरातूनच धातू नसलेली फायबर केबल न्या आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारा डबा) लावा. दीडशे फुटांना लॅन केबलही पुरते, तिची मर्यादा १०० मीटर आहे. पण आपल्याकडच्या मिरगाच्या विजा उघड्यावरच्या तांब्याच्या तारेतून थेट राउटरपर्यंत येतात. मागच्या खोलीचा मेश डबाही केबलनेच मुख्य डब्याला जोडा, तुटणं बहुतेक तिथेच थांबेल. हा बदल सात दिवसांच्या नोंदी पूर्ण झाल्यावरच करा.

नोटीस गेल्यावर दुकानदार बहुधा ‘पैसे नाही, दुसरा माल घ्या’ म्हणेल. पॉवरलाइनच्या बदल्यात केबल, कन्व्हर्टर आणि बसवणी देत असेल तर सौदा वाईट नाही. तो कागदावर घ्या, नव्या मालाचं पक्कं बिल घ्या, आणि कोठ्यातला कॅमेरा आठ दिवस सलग चालेपर्यंत ‘माझी काहीही तक्रार नाही’ या ओळीखाली सही करू नका.