उत्क्रांती शिकवू लागलेल्या विद्यार्थ्यास

नाशिक

प्रिय विद्यार्थ्यास,
सप्रेम आशीर्वाद.

उत्क्रांतीचा पाठ सुरू झाला की निफाडच्या तुझ्या वर्गात ‘म्हणजे देव नाही का, सर?’ असा प्रश्न येतो आणि तू गडबडतोस, असे तू लिहिले आहेस. उत्क्रांतीला होणाऱ्या विरोधाचे मूळ केवळ श्रद्धेत आहे, असे मानू नकोस. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली उत्क्रांती ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही, असे मान्य केले. मात्र २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ३४ देशांच्या तुलनेत डेन्मार्क, स्वीडन, फ्रान्समध्ये ८० टक्के किंवा अधिक प्रौढांनी ती स्वीकारलेली असताना अमेरिका शेवटून दुसरी होती आणि तिच्या खाली फक्त तुर्कस्तान. ख्रिस्ती परंपरा युरोपातही आहेच; पण अमेरिकेत हा विषय निवडणुकीचा आणि पक्षाच्या ओळखीचा झाला, आणि एकदा तसे झाले की माणूस पुराव्याकडे पाहण्याआधी आपली माणसे कोणत्या बाजूला आहेत ते पाहतो.

आपल्याकडे धोका वेगळा आहे. २०१८ साली एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा ठरवला, तेव्हा देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याचा जाहीर प्रतिवाद केला. परंतु २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली गेली. अकरावीला विज्ञान न घेणाऱ्या मुलाला ती पुन्हा भेटणार नाही, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. राज्य मंडळाच्या दहावीच्या ज्या पुस्तकातून तू शिकवतोस, त्यात तो पाठ आहे. तो घाईत उरकू नकोस.

मत्स्य, कूर्म, वराह अशी दशावतारांची उत्क्रांतीशी सांगड घालून वेळ मारून नेण्याचा मोहही टाळ. त्याने घरचे खूश होतात, पण अवतारांना क्रम आणि हेतू असतो, तर नैसर्गिक निवडीला, म्हणजे परिस्थितीत तगणारे जीव टिकून वाढत जाण्याला, ठरलेले गंतव्य नसते, आणि नेमके तेच मुलांच्या लक्षात येत नाही.

त्यापेक्षा द्राक्षबागेतून सुरुवात कर. एकच बुरशीनाशक वारंवार फवारले की डाऊनीवर, म्हणजे द्राक्षवेलीच्या बुरशीच्या रोगावर, ते लागू पडेनासे होते, हे तुझ्या मुलांनी घरी ऐकलेले असते. औषधाला दाद न देणारी थोडी बुरशी मुळातच तिथे होती, ती वाचली आणि वाढली, हे त्यांच्याकडूनच काढून घे; डार्विनचे नाव नंतर आले तरी चालेल. देवाविषयी विचारले, तर हा पाठ सजीव कसे बदलत गेले एवढेच सांगतो, असे शांतपणे सांग आणि फळ्याकडे वळ.

तुझा,
सर