वाचकांचे प्रश्न : करडई उशिरा पेरली की मावा आलाच समजा

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं जुळे सोलापूरला घर आहे, बाजूला अर्धा गुंठा काळी माती मोकळी आहे. सासूबाई म्हणतात करडईच्या फुलांचा चहा चांगला असतो म्हणून मागच्या वर्षी डिसेंबरात बी टाकलं, रोज न चुकता पाणी घातलं, तरी आधी काळा चिकट मावा आला आणि मग झाडं उभीच्या उभी वाळली. काय चुकलं? आणि कोणी म्हणतं हेच केशर, ते खरं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, दोन गोष्टी चुकल्या, वेळ आणि पाणी. करडई पेरायची सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. उशिरा पेरलं की झाड कोवळं असतानाच थंडीतला मावा गाठतो आणि मग ते सावरत नाही. पाण्याचं म्हणाल तर तिचं सोटमूळ दीड-दोन मीटर खाली जातं, काळ्या मातीतली ओल तिथून ओढून घेतं, म्हणून तर आपल्याकडे ज्वारीसोबत ती कोरडवाहूत येते. तुम्ही रोज पाणी घातलं ते मायेनंच घातलं, पण काळ्या मातीत पाणी साचून राहिलं की मूळ कुजतं आणि झाड वरून वाळतं. यंदा ओलीवर पेरा, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवा. पंधरा दिवसांनी विरळणी करा आणि उपटलेली रोपं टाकू नका, लसूण आणि मूगडाळ घालून भाजी करा, गरम भाकरीबरोबर खाऊन बघा. जमीन भेगाळायला लागली तरच एखादं पाणी द्या, तेही हलकं.

बियाणं घेताना मात्र विचारून घ्या. भीमा ही आपल्या सोलापूरच्याच संशोधन केंद्रातून आलेली जुनी जात, पण ती काटेरी. तुम्हाला फुलं तोडायचीत, घरात लहान मुलं असतील तर बिनकाट्याची नारी-६ किंवा पीबीएनएस-४० बघा. शेताच्या कडेनं काटेरी करडई लावायची पद्धत आहे ती जनावरं आत शिरू नयेत म्हणून, घराजवळ तिचं काय काम? काटेरीच मिळाली तर सकाळी दहिवर असताना हात घाला, तेव्हा काटे मऊ असतात.

फुलं उमलली की लगेच तोडायची घाई करू नका. पिवळी फुलं केशरी-लाल होऊन सुकायला लागली की नुसत्या पाकळ्या चिमटीनं ओढा, बोंड राहू द्या, तोवर मधमाश्यांचं काम झालेलं असतं त्यामुळे दाणा भरतो, पाकळ्याही मिळतात आणि साधारण १३० दिवसांनी बीही. पाकळ्या सावलीत वाळवा. चहाला चिमूटभर पुरे, दूध घालू नका. घरात कोणी गरोदर असेल तर तिला देऊ नका, आणि रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता केशराचं. नाही ताई, हे केशर नाही, केशर म्हणजे वेगळ्याच फुलातल्या स्त्रीकेसराच्या काड्या. चिमूटभर माल बशीत भिजवून नीट बघा : केशराची काडी एका टोकाला तुतारीसारखी रुंद होत जाते, करडईची पाकळी मात्र बारीक नळी असते आणि टोकाला तिचे पाच चिरलेले तुकडे सुटे दिसतात. एवढं बघितलं तरी कोणी फसवणार नाही.

पण करडईचा स्वतःचा रंगही काही कमी नाही, कुसुंबी म्हणतो ना आपण, तो हाच. पाकळ्या फडक्यात बांधून गार पाण्यात चोळत राहा, आधी सगळा पिवळा रंग निघून जातो, मग त्याच पाकळ्या धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवा, गाळा आणि त्या पाण्यात लिंबू पिळा, गुलाबी-लाल रंग डोळ्यांसमोर उतरतो. पांढरा सुती रुमाल बुडवून बघा, फक्त वाळवायचा सावलीतच, उन्हात हा रंग उडतो.