लिफ्टचं लायसन्स सापडत नाही, बिल्डर फोन उचलत नाही

प्रश्न : सिंहगड रस्त्यावर आमची 28 फ्लॅटची सात मजली इमारत आहे. ताबा डिसेंबर 2022 मध्ये मिळाला, वर्षभरात सोसायटी नोंदवली. बिल्डरने दिलेल्या फाइलमध्ये दोन्ही लिफ्टचं लायसन्स नाही. ए.एम.सी. (देखभालीचा वार्षिक करार) चालू आहे, मेकॅनिक दरमहा येतो. मागच्या महिन्यात लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्यामध्ये अडकली. वॉचमनने किल्लीने दार उघडलं, एका आजोबांनी खाली उडी मारली, पाय मुरगळला. मेकॅनिकने तासाभरात लिफ्ट चालू करून दिली. लायसन्स कोणी काढायचं? तळमजल्याचे सभासद लिफ्टचा खर्च देत नाहीत, त्यांचं काय? – सेक्रेटरी

उत्तर : लायसन्सचं सांगतोच, पण तुम्ही जाता जाता लिहिलेली आजोबांची गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. लिफ्ट वापरताना कोणाला इजा झाली, तर मालकाने सरकारच्या विद्युत निरीक्षकाला ताबडतोब कळवायचं आणि त्यांच्या लेखी परवानगीशिवाय ती पुन्हा चालू करायची नाही. मेकॅनिकचा होकार ही ती परवानगी नव्हे. पाय नुसता मुरगळला म्हणून सोडून देऊ नका. लिफ्ट बंद ठेवा आणि आजच पत्र द्या : तारीख, वेळ, लिफ्ट कुठे अडकली, दार कोणी उघडलं, मेकॅनिकने काय बदललं. सर्व्हिस रिपोर्टची प्रत जोडा. उशीर झाला आहे, तो पत्रात कबूल करा. लपवलेलं जास्त महागात पडतं. उद्या कोणी दगावलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि पोलीस सर्वांत आधी कमिटीकडे कागद मागतात.

दाराची किल्ली वॉचमनकडून आजच काढून घ्या. दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या केबिनच्या खाली शाफ्ट, म्हणजे लिफ्टची उभी विहीर, मोकळा असतो. उडी मारणाऱ्याचा तोल मागे गेला, की तो थेट पिटमध्ये, म्हणजे तळाच्या खड्ड्यात. आधी मेन स्विच बंद करायचा, मग प्रशिक्षित माणसांनी ब्रेक सोडून केबिन मजल्याला आणायची आणि त्यानंतरच दार उघडायचं. तुमच्याकडे ए.आर.डी. (वीज गेल्यावर बॅटरीवर केबिन मजल्याला आणणारं यंत्र) बसवलेलं असेल, तर त्याच्या बॅटऱ्या उतरल्यात का, हे मेकॅनिककडून लेखी घ्या. डोअर लॉकचा संपर्क ढिला असला, तरी लिफ्ट मध्येच थांबते. तो बदलला की नुसता घासून पुसून परत लावला, हेही विचारा.

आता लायसन्स. महाराष्ट्रात 1939 च्या जुन्या कायद्याच्या जागी 2017 चा लिफ्ट व सरकत्या जिन्यांचा कायदा आला. त्यात उभारणीची परवानगी वेगळी आणि चालवण्याचं लायसन्स वेगळं. बहुतेक बिल्डर पहिली घेतात आणि दुसऱ्याचं राहून जातं, किंवा लायसन्स निघतं पण त्यांच्याच कपाटात राहतं. म्हणून आधी निरीक्षकांच्या कार्यालयात पत्ता आणि लिफ्ट कंपनीचं नाव देऊन नोंद आहे का ते पाहा. हे काम महापालिकेचं नाही. भोगवटा पत्र मिळालं म्हणजे लिफ्टही पास झाली, असं समजू नका. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा, जानेवारी-जुलैत द्यायचा बी फॉर्मही वेगळाच.

नोंद सापडली, तर सोसायटीच्या नावावर बदल करून घ्या. नसेल, तर उभारणीची परवानगी, नकाशे आणि बसवणाऱ्या कंपनीचा चाचणी अहवाल बिल्डरकडे रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह मागा. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायदा, त्याच्या कलम 14(3) नुसार ताब्यापासून पाच वर्षांत दाखवलेला बांधकामाचा वा सेवेचा दोष बिल्डरने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तुमची मुदत डिसेंबर 2027 ला संपते, तेव्हा दोष पत्रात एकेक करून मांडा; ‘लिफ्ट नीट चालत नाही’ एवढ्याने भागत नाही. बिल्डरने दाद दिली नाही, तर महारेराकडे, म्हणजे याच कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार. पण तोवर बिनपरवाना लिफ्ट चालवण्याची जबाबदारी बिल्डरच्या गळ्यात घालता येणार नाही, कारण ताबा आणि वापर तुमचा आहे. त्यामुळे सोसायटीचा अर्ज थांबवू नका.

तपासणीसाठी निरीक्षक येतील तेव्हा ए.एम.सी.चा माणूस हजर हवा. ते गव्हर्नर (वेग वाढला की लिफ्ट रोखणारा भाग), सेफ्टी गिअर (केबिन रुळांना पकडून धरणारा), ब्रेक, रोपच्या म्हणजे दोराच्या तुटलेल्या तारा, पिटमधले बफर (धक्का झेलणारे) पाहतात. पिटमध्ये पाणी साचलेलं असेल, तर आधी उपसून गळती बंद करा. आठ जणांची लिफ्ट म्हणजे 544 किलो; केबिनमधली पाटी आणि ओव्हरलोडची सेटिंग जुळते का, ते बघा. दरवर्षीची तपासणी आणि प्रवाशांसाठी थर्ड पार्टी विमा दोन्ही बंधनकारक आहेत. विमा घेताना लायसन्स क्रमांक खरा द्या, नाहीतर दावा तिथेच अडेल. ए.एम.सी. सर्वसमावेशक आहे का, तेही करारात वाचा. साध्या करारात रोप आणि मोटरचा खर्च तुमच्याच माथी येतो.

तळमजल्याच्या सभासदांचं उत्तर सोपं आहे. आदर्श उपविधींनुसार लिफ्टच्या देखभालीचा आणि चालवण्याचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांत समान वाटायचा, लिफ्ट वापरो वा न वापरो. तुमच्या मंजूर उपविधीत तेच कलम आहे ना, एवढं पाहा. असेल, तर थकबाकीची नोटीस द्या आणि नंतर सहकार कायद्याच्या कलम 154 ब-29 खाली निबंधकांकडे वसुली दाखल करा. मात्र थकबाकीदाराला लिफ्ट वापरू न देण्याचा ठराव कोणी सुचवला, तर तो मांडूच नका.