वाचकांचे प्रश्न : नेहमीचे आणि विलक्षण, इंग्रजीतून

प्रश्न : मी बारावीला इंग्रजी शिकवते. निबंधात ‘कॉमन’ हा शब्द वारंवार येऊ नये म्हणून मी विद्यार्थ्यांना ‘युबिक्विटस’, ‘मंडेन’, ‘क्वोटिडियन’, ‘बनाल’ अशी यादी पाठ करायला दिली. एका विद्यार्थिनीने चहाला ‘बनाल’ पेय म्हटले. ते खटकते, पण का खटकते हे मला तिला सांगता आले नाही. – एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : वाक्याचे व्याकरण निर्दोष आहे, बिघडला आहे तो सूर. आपल्या यादीतला प्रत्येक शब्द सामान्यपणाची निराळी बाजू दाखवतो आणि त्यातील काही शब्द सोबत लिहिणाऱ्याचे मतही सांगून जातात. ‘युबिक्विटस’ म्हणजे जिकडे पाहावे तिकडे आढळणारे. मोबाइल फोनला तो शोभतो. त्यात सहसा स्तुतीही नसते आणि निंदाही नसते. ‘मंडेन’चे मूळ जग या अर्थाच्या लॅटिन शब्दात असल्यामुळे त्याचा जुना अर्थ ऐहिक असा होता, परंतु आज वीजबिल भरणे किंवा कपड्यांच्या घड्या घालणे अशा रटाळ कामांसाठी तो वापरतात. ‘क्वोटिडियन’ म्हणजे दररोजचे. एके काळी इंग्रज वैद्य रोज उलटून येणाऱ्या तापालाही हेच विशेषण लावत. आता तो शब्द मुख्यतः साहित्यिक लेखनात भेटतो आणि बारावीच्या निबंधात, माझ्या मते, उसना वाटतो.

‘बनाल’ची गोष्ट सर्वांत रंजक आहे. मध्ययुगीन फ्रान्समध्ये जमीनदाराच्या मालकीची गिरणी आणि भट्टी असे आणि त्याच्या कुळांना आपले धान्य तिथेच दळावे लागे व आपला पाव तिथेच भाजावा लागे. अशा सक्तीच्या सोयींना लावले जाणारे हे विशेषण पुढे ‘सर्वांसाठी असलेले’ आणि त्यापुढे ‘वापरून गुळगुळीत झालेले’ या अर्थांपर्यंत घसरले. म्हणूनच ज्या गोष्टीकडून नवेपणाची अपेक्षा असते आणि ती पुरी होत नाही, तिलाच ते लागू पडते. एखादे भाषण, एखाद्या चित्रपटाचे कथानक किंवा एखादे सुभाषितवजा विधान बनाल असू शकते. सकाळच्या चहाकडून मात्र नवेपणाची अपेक्षा कोणीच करत नाही. उलट तो कालच्यासारखाच व्हावा अशी आपली इच्छा असते. त्या वाक्यात ‘एव्हरीडे’ हा साधा शब्द सर्वांत चांगला बसला असता.

दोष यादीच्या पद्धतीत आहे. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांनी १८५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या थिसॉरसमध्ये, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशात, शब्दांची मांडणी कल्पनांनुसार केली, आणि तेव्हापासून शेजारी बसलेले शब्द एकमेकांच्या जागी चालतात असा समज पसरत गेला. त्यापेक्षा विद्यार्थ्यांसाठीचा कोश हाती द्यावा. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवत असताना तयार केलेला असा कोश १९४२ मध्ये तिथे निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. शब्द वाक्यात कसा वावरतो हे दाखवणे हा त्याचा उद्देश होता. प्रत्येक नव्या शब्दाबरोबर त्याच्यासोबत येणारी दोन-तीन नामे लिहून घेण्याची सवय लावली, तर निम्म्या चुका टळतील.

प्रश्न : पर्यटकांसाठीच्या इंग्रजी माहितीपत्रकात मी कासच्या पठारावरील फुलांना ‘व्हेरी युनिक’ आणि ‘एक्झॉटिक’ म्हटले आहे. एका स्नेह्यांनी दोन्हींना हरकत घेतली. त्यांचे बरोबर आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : दुसरी हरकत अगदी रास्त आहे. वनस्पतिशास्त्रात ‘एक्झॉटिक’ म्हणजे बाहेरून आणलेले. मादागास्करहून आलेला गुलमोहर आपल्याकडे एक्झॉटिक आहे, कासची रानफुले नाहीत. सामान्य वापरातही हा शब्द परक्याच्या डोळ्यांनी पाहतो, त्यामुळे आपल्याच अंगणातील वस्तूला तो लावला की आपणच पाहुणे ठरतो. एखादी वनस्पती ठरावीक प्रदेशाबाहेर निसर्गतः आढळत नसेल तर ‘एंडेमिक’ म्हणावे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारशाच्या यादीत गेली त्यांत कासही आहे आणि त्यामागे अशाच वनस्पतींचे मोठे महत्त्व आहे.

‘युनिक’ म्हणजे एकमेव. एकमेवपणात कमीअधिक नसते, म्हणून चोखंदळ वाचकाला ‘व्हेरी’ खुपतो. बोलताना तो सर्रास ऐकू येतो, छापताना टाळावा. ‘रेअर’ वापरतानाही जपावे. सह्याद्रीत सात वर्षांनी फुलणारी कारवी दुर्मिळ नाही, डोंगरउतार तिने भरलेले असतात. दुर्मिळ आहे तो तिचा बहर. ‘पिक्युलिअर’ एकटा आला तर विचित्र असा अर्थ होतो, पण त्यापुढे ‘टू’ आणि प्रदेशाचे नाव जोडले की ‘केवळ तिथलेच’ असा अर्थ होतो. माहितीपत्रकात या दुसऱ्या रचनेचा चांगला उपयोग होईल.

प्रश्न : वडिलांच्या सोनोग्राफीच्या अहवालात यकृत ‘अनरिमार्केबल’ असल्याचे लिहिले आहे. हा दोष आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. एरवी हा शब्द एखाद्या लेखकाला किंवा खेळाडूला लावला तर त्याला तो झोंबेल, परंतु अहवालात त्याचा अर्थ ‘नोंद करण्याजोगे वेगळे काही दिसले नाही’ असा असतो. हे विधान त्या तपासणीत दिसलेल्या तेवढ्याच अवयवापुरते असते, म्हणून अहवालाच्या शेवटी ‘इम्प्रेशन’ या शीर्षकाखाली दिलेला निष्कर्ष वाचावा आणि तो आपल्या डॉक्टरांना दाखवावा.