पिकअप बदलण्याआधी व्हॉल्यूमचा पॉट आणि केबल बघा

तीन सिंगल कॉइल पिकअपची इलेक्ट्रिक गिटार (पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, सिंगल कॉइल म्हणजे एकाच वेटोळ्याचा), व्हॉल्यूम 6 वर आणला की आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबतो, आणि उपाय म्हणून पिकअप बदलावेत की टोनच्या नॉबसाठी महागडा पेपर-इन-ऑइल (तेलात भिजवलेल्या कागदाचा) कपॅसिटर घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको.

पिकअप एकटा वाजत नाही. चुंबकाभोवती हजारो वेढ्यांची तार म्हणजे एक मोठा इंडक्टर, म्हणजे सिग्नलच्या झटपट बदलाला अडवणारं वेटोळं. सिंगल कॉइलचा इंडक्टन्स साधारण 2.5 हेन्री धरा. त्याला केबलचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) जोडला गेला की एका ठरावीक कंपनसंख्येला उंचवटा तयार होतो आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्याने गळतं. आपण ज्याला पिकअपचा ‘स्वभाव’ म्हणतो तो बराचसा या उंचवट्याच्या जागेत असतो. केबल मीटरला सुमारे 100 पिकोफॅरड भर घालते. पिकअपचे स्वतःचे 100 पिकोफॅरड धरले, तर 3 मीटरच्या केबलवर उंचवटा 5000 हर्ट्झच्या आसपास येतो आणि 9 मीटरच्या केबलवर 3200 च्या. गिटार तीच, पिकअप तेच! मी स्वतः एकदा नवे पिकअप बसवले आणि तरी आवाज मंदच राहिला. मग सहज म्हणून छोटी केबल लावली, आणि हरवलेली चमक तिथे सापडली. तेव्हापासून कुणी आवाजाची तक्रार केली की मी आधी केबलची लांबी विचारतो.

आता तुमचा मूळ त्रास. व्हॉल्यूम पूर्ण उघडा असताना पिकअप थेट केबलला जोडलेला असतो. नॉब खाली आणला की सिग्नलच्या वाटेत पॉटचा, म्हणजे नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरचा, रेझिस्टन्स येतो, आणि तो रेझिस्टन्स व केबलचा कपॅसिटन्स मिळून ट्रेबल (वरच्या कंपनसंख्या) कापणारा फिल्टर होतो. पॉटचा रेझिस्टन्स मधोमध विभागला जातो तिथे हा परिणाम सगळ्यात जास्त. 600 पिकोफॅरडच्या केबलवर 250 किलोओमच्या पॉटने ही गळती साधारण 4200 हर्ट्झपासून सुरू होते, तर 500 किलोओमच्या पॉटने थेट 2100 पासून. म्हणून ‘500 चा पॉट घाल, आवाज खुलेल’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. व्हॉल्यूम 10 वर असेल तर खुलतो, कारण पिकअपवरचा भार कमी होऊन उंचवटा टोकदार राहतो. खाली आणलात की तोच पॉट जास्त दाबतो.

यावर उपाय ट्रेबल ब्लीड, म्हणजे ट्रेबलला पॉट टाळून जाऊ देणारी छोटी जोडणी. व्हॉल्यूम पॉटच्या इनपुटच्या आणि मधल्या पायाला 1000 पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर 150 किलोओमचा रेझिस्टर. नुसता कपॅसिटर लावू नका, व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज पातळ आणि टोचरा होतो. मात्र रेझिस्टर लावल्यावर नॉबची चाल थोडी बदलते, हाताला सवय व्हायला वेळ लागतो. दुसरा मार्ग म्हणजे टोनची तार व्हॉल्यूमच्या इनपुटऐवजी मधल्या पायाला जोडणं, ज्याला फिफ्टीज वायरिंग म्हणतात. एकही नवा भाग लागत नाही, पण मग टोन आणि व्हॉल्यूम एकमेकांत ढवळाढवळ करतात. मला ती आवडते, सगळ्यांना आवडेलच असं नाही.

टोनच्या नॉबला तुम्ही हातच लावत नाही असं लिहिलंय, ते वाचून खरंच वाईट वाटलं. तो फक्त ट्रेबल कापत नाही. 10 वरून 5 कडे येताना आधी तो उंचवटा सपाट होतो, कर्कश धार जाते आणि बोल मात्र स्पष्ट राहतो. शून्यावर टोनच्या नॉबचा कपॅसिटर सरळ कॉइलशी समांतर होतो आणि नवा उंचवटा खूप खाली तयार होतो: 0.022 मायक्रोफॅरडला जवळपास 700 हर्ट्झ, 0.047 ला 460. अँपचा गेन (सिग्नलची वाढ) वाढवून सोलो वाजवताना तो गोल, नाकातून आल्यासारखा सूर इथूनच येतो. 0.0047 लावून बघा, उंचवटा 1500 च्या आसपास थांबतो आणि वाह पेडल अर्ध्यावर दाबून धरल्यासारखं वाटतं.

कपॅसिटरचा परिणाम टोनचा नॉब खाली असतानाच कानाला कळतो, आणि तेव्हाही मोजमापच कळतं. मोजमाप खरोखर सारखं असेल तर पेपर-इन-ऑइल आणि साधा फिल्म कपॅसिटर यांत मला कधीच फरक ऐकू आला नाही. पैसे तिथे घालू नका.

लगेच सोल्डर करायची गरज नाही. पिकगार्ड (तारांखालची प्लास्टिकची पट्टी) उघडा, क्रोकोडाइल क्लिपने ट्रेबल ब्लीड तात्पुरता जोडा, व्हॉल्यूम 6 वर ठेवून नेहमीचंच काहीतरी वाजवा. पॉटवर छापलेला आकडा आणि केबलची लांबी इथे लिहा, म्हणजे तुमच्यासाठी ट्रेबल ब्लीडचा कपॅसिटर 680 पिकोफॅरडचा बरा की 1000 चा, ते सांगता येईल.