बोटोकोअरमधील सेवेची व्याख्या हाताने बदलावी का?

आपला प्रश्न मला समजला तो असा. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवर चालणाऱ्या लॅम्ब्डा फंक्शनचे लॉग जेसन स्वरूपात मिळावेत म्हणून आपण पायथन स्क्रिप्टमधून ‘अपडेट_फंक्शन_कॉन्फिगरेशन’ला ‘लॉगिंगकॉन्फिग’ हा पॅरामीटर दिला आणि ‘अननोन पॅरामीटर इन इनपुट’ असा एरर आला. एडब्ल्यूएसच्या वेब कन्सोलवर हाच पर्याय दिसतो आणि चालतोही. ‘पिप’ने (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) बोटो३, म्हणजे एडब्ल्यूएसशी बोलणारी पायथन लायब्ररी, अपग्रेड करून पाहिले, तर १.२३.१० ही आवृत्ती आधीच बसवलेली आहे, आणखी काही करायचे नाही, असा निरोप आला. तेव्हा साइट-पॅकेजेसमधील (बसवलेल्या पॅकेजांच्या फोल्डरमधील) सेवेची व्याख्या असलेली जेसन फाइल उघडून तिच्यात तो पॅरामीटर स्वतः लिहिला तर चालेल का, असे आपण विचारले आहे.

लिहिला तर चालेल, परंतु त्या ठिकाणी लिहू नये, आणि बहुधा लिहिण्याची वेळही येणार नाही. आपण दिलेल्या आवृत्तीच्या आकड्यातच खरे कारण दडलेले आहे. बोटो३ १.२३.१० आणि तिच्या जोडीची, बोटो३ जिच्यावर उभी आहे ती बोटोकोअर १.२६.१० या पायथन ३.६वर चालणाऱ्या शेवटच्या आवृत्त्या आहेत. २०२२च्या मे महिन्यात पायथन ३.६चा आधार काढून घेण्यात आला. पुढच्या प्रत्येक पॅकेजवर किमान कोणते पायथन लागेल याची नोंद असते आणि ‘पिप’ ती नोंद वाचून आपल्या यंत्रावर चालू शकेल अशी सर्वांत नवी आवृत्ती निवडते. त्यामुळे ‘पिप’ आपल्याला खोटे सांगत नाही. तिच्या दृष्टीने ३.६साठी याहून नवे काही अस्तित्वातच नाही. ‘लॉगिंगकॉन्फिग’ मात्र २०२३च्या नोव्हेंबरमध्ये आले, म्हणजे आपल्या बोटोकोअरच्या जन्मानंतर जवळजवळ दीड वर्षाने. इथेच घोडे पेंड खाते. पायथन ३.७ वापरणाऱ्यांवर हीच वेळ डिसेंबर २०२३मध्ये आली आणि ३.८ वापरणाऱ्यांवर एप्रिल २०२५मध्ये, हे सर्व्हरचे नियोजन करताना ध्यानात ठेवावे.

आता ही व्याख्या म्हणजे नेमके काय, ते एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे. बोटोकोअरच्या फोल्डरमध्ये ‘डेटा’, त्यात ‘लॅम्ब्डा’ आणि त्यात तारखांच्या नावाचे दोन फोल्डर सापडतील: २०१४-११-११ आणि २०१५-०३-३१. या प्रकाशनाच्या तारखा नसून एपीआयच्या आवृत्तीची नावे आहेत; म्हणून २०२३मध्ये आलेला पॅरामीटरही २०१५च्याच फोल्डरमध्ये जाऊन बसला. त्यातील ‘सर्व्हिस-२.जेसन’ या फाइलचे तीन मुख्य भाग आहेत. ‘मेटाडेटा’मध्ये सेवेचे नाव, प्रोटोकॉल आणि सही करण्याची पद्धत असते, ‘ऑपरेशन्स’मध्ये प्रत्येक क्रिया, तिचा एचटीटीपी मार्ग, तिचे इनपुट व आउटपुट, आणि ‘शेप्स’मध्ये त्या इनपुट-आउटपुटची रचना एकेका सदस्यासह दिलेली असते. शेजारी ‘पॅजिनेटर्स-१’ आणि ‘वेटर्स-२’ या फाइली असतात, शिवाय अलीकडच्या आवृत्त्यांत कोणत्या रीजनसाठी कोणता पत्ता वापरायचा हे सांगणारी नियमांची फाइलही असते. लॅम्ब्डासाठी हाताने लिहिलेला पायथन वर्ग बोटोकोअरमध्ये नाही. आपण क्लायंट मागता, तेव्हा ही फाइल वाचली जाते आणि तिच्यावरून सगळ्या मेथड त्या क्षणी तयार होतात. फाइलमध्ये जे नाही, ते त्या क्लायंटच्या लेखी जगातच नाही.

यावर पॅरामीटरची तपासणीच बंद करून टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात आणि क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये तशी सोय आहेही. तिने काहीही साधत नाही. तपासणी वगळली तरी विनंती जुळवणारा पुढचा टप्पा त्याच ‘शेप्स’मध्ये प्रत्येक नाव शोधतो, आणि नाव सापडले नाही की समजेल असा एरर जाऊन त्याच्या जागी नुसता ‘कीएरर’ हाती येतो.

जुन्या व्याख्येमुळे काय अडते आणि काय अडत नाही, याबद्दल बराच गैरसमज आहे. ठरावीक मूल्यांची जी यादी व्याख्येत असते, ती बोटोकोअर पाठवताना तपासत नाही. म्हणून ईसी२ या आभासी सर्व्हरच्या सेवेचा नवा इन्स्टन्स प्रकार किंवा लॅम्ब्डाच्या नव्या रनटाइमचे नाव जुन्या बोटोकोअरमधूनही बिनदिक्कत जाते. त्यासाठी अपग्रेड करण्याची गरज नाही. नवा पॅरामीटर, नवे ऑपरेशन किंवा नवी सेवा असेल तर अडते, आणि लगेच अडते. बेडरॉक ही एआय मॉडेलची सेवा २०२३च्या सप्टेंबरमध्ये सर्वांसाठी खुली झाली, तेव्हा असंख्य लोकांना ‘अननोन सर्व्हिस’ हा एरर आला. त्यावर बोटो३ १.२८.५७ किंवा तिच्यापुढची आवृत्ती घेणे हाच उपाय होता. तिसरा प्रकार मात्र गुपचूप घडतो आणि मला तोच अधिक धोक्याचा वाटतो. सेवेने उत्तरात नवे फील्ड पाठवले आणि ते आपल्या व्याख्येत नसले, तर बोटोकोअर ते वाचतच नाही आणि एररही देत नाही. तारेवरून आलेली माहिती आपल्या डिक्शनरीपर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

म्हणून माझा पहिला सल्ला पायथन बदलण्याचा आहे. सर्व्हरवर मूळचे पायथन ३.६ असेल, तर ते काढू नका आणि त्याच्या नावाची लिंकही दुसरीकडे वळवू नका, कारण ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची साधने त्यावर अवलंबून असू शकतात. नवे पायथन त्याच्या शेजारी बसवावे (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८वर ३.११ आणि ३.१२ची पॅकेजे मिळतात), या कामासाठी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावे आणि त्यात बोटो३ नव्याने घ्यावे. बोटोकोअर एकटेच पुढे नेऊ नये, कारण बोटो३ची प्रत्येक आवृत्ती बोटोकोअरच्या ठरावीक पट्ट्यातच चालते. एडब्ल्यूएस सीएलआय या कमांड लाइनच्या साधनाची १ क्रमांकाची मालिका तर बोटोकोअरची एकच नेमकी आवृत्ती मागते, म्हणून ती आणि आपली स्क्रिप्ट एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये नांदवण्याचा हट्ट धरू नये.

काही कारणाने पायथन बदलणे आज शक्यच नसेल, तर व्याख्या बाहेरून पुरवता येते आणि ही अधिकृत सोय आहे. आपल्या होम फोल्डरमधील ‘.एडब्ल्यूएस’च्या आत ‘मॉडेल्स’ हा फोल्डर करून त्यात सेवा, तारीख आणि फाइल याच क्रमाने रचना केली, तर बोटोकोअर तेथील फाइल पॅकेजमधील फाइलीआधी उचलते. दुसऱ्या जागी ठेवायची असेल, तर ‘एडब्ल्यूएस_डेटा_पाथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तो मार्ग द्यावा. साइट-पॅकेजेसमध्ये हात घालण्यापेक्षा हे केव्हाही बरे, कारण तिथला बदल पुढच्या इन्स्टॉलेशनला पुसला जातो आणि तो केला होता याची नोंद कुठेच राहत नाही. फाइल नव्या बोटोकोअरमधून काढणार असाल, तर एक लक्षात ठेवा: अलीकडच्या पॅकेजमध्ये ती जीझिपने दाबलेली असते आणि आपल्या १.२६.१०ला दाबलेली फाइल वाचता येत नाही. ती उलगडून साध्या जेसन स्वरूपातच ठेवावी लागेल.

पूर्ण फाइलची नक्कल ठेवण्यात मात्र एक सापळा आहे आणि त्यात मी स्वतः अडकलो आहे. एका नोकरीत ईसी२च्या एका नव्या पॅरामीटरची घाई होती, म्हणून मी बिल्डच्या यंत्रावर ईसी२ची संपूर्ण व्याख्या अशीच होम फोल्डरमध्ये ठेवली. काम झाले आणि मी ती विसरलो. काही महिन्यांनी बोटोकोअर रीतसर अपग्रेड झाले आणि एका सहकाऱ्याने तक्रार केली की, उत्तरातील एक नवे फील्ड त्याच्या लॅपटॉपवर दिसते, पण बिल्डमध्ये दिसत नाही. दोन्हीकडे आवृत्ती एकच होती. आम्ही एक अख्खा दिवस परवानग्या, रोल आणि रीजन तपासण्यात घालवला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होता. शेवटी बोटोकोअरचे डीबग लॉगिंग चालू केले, तेव्हा ‘लोडिंग जेसन फाइल’ या ओळीपुढे माझ्याच होम फोल्डरचा मार्ग छापून आला. पॅकेज नवे होते, पण वाचली जात होती ती मी ठेवलेली जुनी नक्कल.

तेव्हापासून मी पूर्ण फाइलऐवजी पुरवणी ठेवतो. बोटोकोअरचा लोडर मूळ फाइल वाचल्यावर त्याच सेवेच्या आणि तारखेच्या मार्गाने ‘सर्व्हिस-२.एसडीके-एक्स्ट्राज.जेसन’ नावाची फाइल शोधतो आणि तिच्यातील ‘मर्ज’ या कीखाली जे असेल ते मूळ व्याख्येत मिसळतो. ही सोय मुळात एसडीके (बोटो३सारख्या लायब्ररी) सांभाळणाऱ्यांनी स्वतःसाठी ठेवलेली आहे, म्हणून तिच्यावर कायमचा भरवसा ठेवू नये. आपल्या कामाला ती पुरेशी आहे. ‘मर्ज’च्या आत ‘शेप्स’ लिहावे. त्यात ‘अपडेटफंक्शनकॉन्फिगरेशनरिक्वेस्ट’च्या सदस्यांमध्ये ‘लॉगिंगकॉन्फिग’ जोडावे, आणि त्या नावाचा एक नवा शेप ‘स्ट्रक्चर’ म्हणून द्यावा. त्याचे सदस्य चार: लॉगचे स्वरूप, ॲप्लिकेशनची लॉग पातळी, सिस्टिमची लॉग पातळी आणि लॉग ग्रुप. चारही मजकूर प्रकारचे आहेत. हेच सदस्यत्व ‘फंक्शनकॉन्फिगरेशन’ या उत्तराच्या शेपलाही द्यावे. नाही दिले, तर बदल सेवेवर लागू होईल, पण वाचून पाहताना तो दिसणार नाही आणि आपण पुन्हा इथे प्रश्न विचाराल. नावे अक्षरशः अधिकृत व्याख्येतूनच घ्यावीत. लहान-मोठ्या रोमन अक्षरातला एक फरकही चालत नाही. पुरवणीखालची मूळ व्याख्या पॅकेजमधूनच येत असल्यामुळे पुढे अपग्रेड झाले, तर बाकी सगळे आपोआप नवे होते.

दुरुस्तीचा पुल रिक्वेस्ट बोटोकोअरला पाठवता येईल का, असेही आपण शेवटी विचारले आहे. या जेसन फाइलींसाठी त्याचा उपयोग होत नाही. त्या सेवांच्या स्वतःच्या गटांकडून तयार होऊन येतात आणि पुढच्या प्रकाशनात पुन्हा वरून लिहिल्या जातात. व्याख्येचे मूळ स्मिदी या भाषेत असते आणि ॲमेझॉनने ती मूळ मॉडेल २०२५च्या जूनपासून गिटहबवर खुली केली आहेत. एखादा पॅरामीटर नेमका केव्हा आला हे शोधायचे असेल, तर तिथला किंवा बोटोकोअरचा बदलांचा इतिहास पाहणे सर्वांत खात्रीचे.

आपण पायथन ३.६वरून एकदम अलीकडच्या बोटो३वर उडी घेणार असाल, तर उत्पादनातील सर्व्हरवर थेट घेऊ नका. व्याख्येबरोबर वागणूकही बदलते. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये एसक्यूएस या संदेशांच्या रांगेच्या सेवेच्या व्याख्येतील प्रोटोकॉल ‘क्वेरी’वरून ‘जेसन’ झाला. खऱ्या सेवेवर बहुतेकांचे काही बिघडले नाही, परंतु चाचणीसाठी स्थानिक नकली एसक्यूएस चालवणाऱ्यांच्या चाचण्या कोसळल्या, कारण त्या नकलेला नवी भाषा कळत नव्हती. जानेवारी २०२५मध्ये बोटो३ १.३६.० पासून एस३ या फाइल साठवण्याच्या सेवेवर चढवताना चेकसम (मजकूर वाटेत बिघडला नाही ना, हे पडताळणारा आकडा) आपोआप जोडला जाऊ लागला. आपण एस३शी सुसंगत असे दुसऱ्या कोणाचे स्टोरेज वापरत असाल आणि अपलोड अचानक नाकारले जाऊ लागले, तर चेकसम केवळ आवश्यक तेव्हाच मोजण्याचे सेटिंग देऊन पाहा.

काहीही केले तरी, प्रत्यक्ष फंक्शनला हात लावण्याआधी एक ओळ चालवून पाहावी. क्लायंटच्या ‘मेटा’मधील ‘सर्व्हिस_मॉडेल’कडे ‘अपडेटफंक्शनकॉन्फिगरेशन’चे ऑपरेशन मॉडेल मागावे आणि त्याच्या इनपुट शेपचे सदस्य छापावेत. ही तपासणी नेटवर्कवर जात नाही. त्या यादीत ‘लॉगिंगकॉन्फिग’ दिसले, तर आपली स्क्रिप्ट चालेल. दिसले नाही, तर डीबग लॉग चालू करून व्याख्या कोणत्या मार्गावरून वाचली गेली ते पाहावे आणि ती ओळ या प्रश्नाखाली टाकावी.