मरणाच्या घरी 'देव पावला'?

प्रश्न असा आलाय : आत्याच्या दहाव्याला साताऱ्याजवळ संगम माहुलीच्या घाटावर पिंड ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला आणि थोरले काका म्हणाले, 'देव पावला.' घरातलं माणूस गेलेलं असताना देव पावला कसा? प्रयोग चुकीचाच ना?

चुकीचा नाही. खटकतो तो नवसामुळे. 'नवसाला पावणारा गणपती' ऐकून ऐकून पावणे म्हणजे मागितलेलं देणे, एवढाच अर्थ आपल्या डोक्यात उरलाय. मुळात संस्कृत 'प्र + आप्'वरून आलेलं हे क्रियापद; अर्थ पोचणे, मिळणे. जुन्या पत्रांत 'पत्र पावले' असतं ते पोचलं म्हणून, आणि पैसे पोचल्याची खूण ती पावती. (आपल्याकडच्या 'काय पावणं, कवा आलासा?'मधला पावणा मात्र वेगळ्या घरचा. तो 'प्राघूर्ण'वरून आलेला पाहुणा. पोचतो तो पावणा, ही व्युत्पत्ती गोड असली तरी खोटी.)

गंमत म्हणजे 'मरण पावली' यातही हेच क्रियापद आहे. 'तिने मरण पावले' असं कुणी म्हणत नाही, 'ती मरण पावली'च म्हणतो. तिथे माणूस कर्ता. 'देव तिला पावला' यात देव कर्ता आणि 'ला' लागतो माणसाला. ती मरणापर्यंत गेली आणि देव तिच्यापर्यंत आला, ही दोन्ही वाक्यं एकाच दिवशी खरी असायला व्याकरणाची काही हरकत नाही.

सज्जनगडच्या समर्थांनी गणपतीच्या आरतीत मागितलंय तेही हेच : 'संकटी पावावे, निर्वाणी रक्षावे'. दोन्ही सप्तम्या. संकटच येऊ नको देऊ, असं ही ओळ म्हणत नाही. आलेल्या संकटात तू पोच, म्हणते. निर्वाणी म्हणजे कुठलाच उपाय उरत नाही त्या घडीला. कितीतरी मंडपांत 'संकष्टी पावावे' असं ठणकावून म्हणतात आणि देवाला फक्त चतुर्थीचं आवतण देतात!

'देवाज्ञा झाली' याची जात निराळी. तिथे देव लांबून हुकूम सोडतो, आपण तो ऐकायचा. 'अल्पशा आजाराने देवाज्ञा झाली' हे बातमीत छापायला बरं, पण देव जवळ होता असं त्यातून काही कळत नाही. म्हातारं माणूस हाल न होता गेलं की बायका 'सोनं झालं', 'सुटली बाई' म्हणतात, तसलं काकांचं बोलणं. कावळा शिवला, म्हणजे हिची इच्छा मागे अडकली नाही, एवढं त्यांना त्यात दिसलं.

आता हे म्हणावं कुणी, हा खरा मुद्दा. काकांची ती सख्खी बहीण, त्यांच्या तोंडी शोभलं. भेटायला आलेल्यानं मात्र 'देव पावला' म्हणू नये. तरणंताठं माणूस गेलं असेल तर मुळीच नको. तिथे 'फार वाईट झालं' एवढं पुरे.